सव्वापाच फूट

सन दोन हजार नऊच्या मे महिन्याच्या चौदा तारखेस, गुरुवारी, दुपारी दोनच्या सुमारास, अलास्काच्या वायव्य किनाऱ्यावरील उआलिक गावापासून साडेचार मैलांवर, जिथे किनाऱ्याला धरून राहिलेला बर्फ संपतो आणि चुकची समुद्राचे उघडे पाणी सुरू होते, त्या कडेवर सायलस गुडघे टेकून हाताच्या गिरमिटाने बर्फात भोक पाडत होता. तीन भोके पाडायची होती. दोन झाली होती. हे तिसरे, आणि पाण्याला सर्वांत जवळचे.

पाण्यावर शिकारी टोळीच्या म्होरक्याचा, एनॉक तांडेलाचा, देवमासा होता. शेचाळीस फूट लांब, दुपारी बाराला मारलेला. सहा होड्या त्याला शेपटीकडून बांधून ओढत आणत होत्या. त्याला बर्फावर कुठे चढवायचे, हे सांगण्याचे काम एनॉकच्या टोळीत गेली चार वर्षे सायलसचे होते. त्याआधी चाळीस वर्षे ते त्याच्या मामाचे, अमौलिकचे होते. अमौलिकच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, पहिल्यांदा दूरचे दिसेनासे झाले, मग जवळचेही, आणि त्याने आपण होऊन गिरमिट भाच्याच्या हाती दिले. तरीही दर वसंतात टोळी त्याला स्लेजवर घोंगड्यांत गुंडाळून बर्फाच्या कडेपर्यंत आणीत असे. त्या दिवशीही तो तिथेच, भाच्यापासून दहा पावलांवर बसलेला होता.

भोके पाडण्यापूर्वी दोघांत वाद झाला होता, आणि तो रेडिओवर संपला होता, म्हणजे त्याचा शेवट सहाही होड्यांनी ऐकला होता.

"दक्षिणेला जा," अमौलिक म्हणाला होता. "ती निळी लादी आहे ना, तिथे. दोन उन्हाळे काढलेत तिने. सगळं मीठ गळून गेलंय तिचं. हा इथला बर्फ यंदाचा. तुकडा चाखून बघ, तोंड खारट होईल."

"मामा, तिथवर ओढत न्यायला तीन तास लागतील. मासा आतून तापतोय."

"तापू दे. मे महिन्यातला खारट बर्फ म्हणजे चहात बुडवलेलं बिस्किट. दिसतं अख्खं. उचलायला गेलास की कपात."

त्यावर सायलसने रेडिओचे बटण दाबले आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले, "ऐका हो मंडळी! मामांना निळा बर्फ चहाच्या पाण्यासाठी हवाय. मासा आपण त्यांच्या किटलीत ओढायचा!"

सहा होड्या हसल्या. अमौलिकही हसला, कारण विनोद बरा होता. जुना बर्फ गोडा असतो आणि चहाला उत्तम, हे गावात सगळ्यांना ठाऊक. एनॉकने पाण्यावरून विचारले, "मग कुठे आणू, सायलस?" आणि सायलस म्हणाला, "मोजतो. इकडेच तोंड करून ठेवा."

पहिले भोक साडेचार फूट. दुसरे पाच. तिसरे हातभर खोल गेले, आणि गिरमिटाची पकड एकाएकी सुटली. दोन बोटे ते आपल्या आपण खाली घसरले. भोकातून राखाडी, पातळ, खारट चिखलासारखा बर्फ बुडबुडत वर आला. मग पाते पुन्हा कठीण बर्फाला लागले आणि शेवटपर्यंत नीट गेले. सायलसने मोजपट्टीच्या टोकाचा हूक बर्फाच्या तळाला अडकवला आणि फीत ताणली. सव्वापाच फूट.

त्याचा अर्थ त्याला समजला नाही, असे म्हणायची सोय नाही. शिकारीला जाऊ लागल्यापासून तो हे ऐकत आणि पाहत आला होता. हिवाळ्याच्या आरंभी वादळात बर्फाची एक लादी दुसरीवर चढते. दोहोंच्या मधे समुद्राचे पाणी कोंडले जाते. थंडी पुरेशी मुरली तर ते गोठून दोन्ही लाद्या एकजीव होतात, आणि न मुरली तर मधे तो राखाडी गाळ राहतो. दोन फळ्या एकमेकींवर नुसत्या ठेवल्याने त्यांची तुळई होत नाही. त्यांची जाडी बेरजेने वाढते. भार पेलण्याची शक्ती तशी वाढत नाही, कारण वाकताना एक फळी दुसरीवरून सरकते. मोजपट्टीला हे कळत नाही. हाताला कळते, आणि सायलसच्या हाताला कळले होते.

होड्यांची तोंडे वळली होती. दोर ताणलेले होते.

"मधे हाताला काही लागलं का रे?" अमौलिकने स्लेजवरून विचारले.

"नाही, मामा."

"किती?"

"सव्वापाच फूट."

पुढे कित्येक आठवडे सायलसने स्वतःपुढे तीन सबबी मांडल्या. एक, बाकीची दोन भोके चांगली होती. दोन, गाळ केवळ दोन बोटांचा होता. तीन, वेळ नव्हता, मासा तापत होता. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांतली एकही कारण नव्हती. कारण एवढेच होते, की अर्ध्या तासापूर्वी सहा होड्या त्याच्या विनोदाला हसल्या होत्या, आणि आता "मामा म्हणतात तिकडेच चला" हे वाक्य त्याच रेडिओवर त्याच तोंडाने म्हणावे लागले असते. चाळीस टन वजन त्याने त्या वाक्याहून हलके मानले. याला चूक म्हणता येत नाही. चूक न कळता होते.

अमौलिकने हात पुढे केला. सायलसने रेडिओ त्याच्या हातात दिला. "अमौलिक बोलतोय," म्हातारा म्हणाला. "बर्फ सव्वापाच फूट आहे. इथेच घ्या."

हे मात्र सायलसने ठरवून केलेले नव्हते. टोळीची जुनी रीत होती, की जागेचा शेवटचा शब्द वडीलधाऱ्याने उच्चारायचा. पण सगळ्यांच्या कानांत राहिला तो अमौलिकचा आवाज.

चारपर्यंत दोनशे माणसे जमली. सगळे गाव स्नोमोबाईलवरून आले होते. मागच्या बर्फात खाचा खोदून कप्प्या बांधल्या गेल्या, कडेला उतार तासला गेला, शेपटीला पट्टा पडला. तांडेलाची बायको केझाया चहाचे थर्मास आणि तळलेल्या गोड पावांची टोपली घेऊन रांगेच्या टोकाला उभी होती. देवमासा तांडेलाला मिळत नाही, त्याच्या बायकोच्या घरी येतो, असे तिथे मानतात. त्यामुळे त्या दिवशी तिला सगळे वाट करून देत होते.

"ओढा!" दोराच्या पुढच्या टोकावरून लेम्युएल ओरडत होता. हा टोळीतला सर्वांत वाचाळ माणूस. "पाय उचला! लग्नाला आलात का? केझायाच्या पंगतीला धावता तसे धावा!"

"तू बोलणं थांबव, म्हणजे आम्हाला तुझ्याऐवजी मासा ओढता येईल," मागून एक बाई म्हणाली, आणि दोनशे माणसे हसत हसत चार पावले मागे गेली. शेपटी वर आली. मग कंबर. काळे, ओले, चकचकणारे शरीर एक तृतीयांश वर आले.

सायलस कडेला उभा होता. बर्फावर नजर ठेवणे हेही त्याचेच काम. तळ्याचा बर्फ काचेसारखा फुटतो, तडकन, आधी काही न सांगता. समुद्राचा बर्फ असा दगा देत नाही. त्याच्या पोटात खाऱ्या पाण्याच्या नसा असतात. तो आधी वाकतो, लवतो, आपण थकलो हे दाखवतो. त्याच्या बुटांभोवती पाणी झिरपू लागले. घोट्याला लागले. तिसऱ्या भोकातून ते कारंज्यासारखे नव्हे, अगदी संथ, भांडे भरून वाहावे तसे वर येऊ लागले. सायलसने ते पाहिले. त्याने हाक मारली हेही खरे, पण पाहणे आणि हाक मारणे यांच्यामध्ये दोराचे तीन हिसके गेले. हे तीन हिसके त्याने पुढे अनेकदा मोजले.

वरची लादी खालचीवरून पत्त्यासारखी सरकली आणि मग मोडली. देवमासा मागे गेला, त्याच्याबरोबर पुढची कप्पी गेली, आणि तीन माणसे कमरेपर्यंत पाण्यात गेली. दोघे पुरुष आणि रांगेतली ती उत्तर देणारी बाई. त्यांना लगेच ओढून काढले. कुणी मेले नाही. कप्पी मात्र तळाला गेली, आणि दुसरी आणायला गावात जावे लागले. तोवर प्रवाह फिरला. निळ्या लादीपर्यंत मासा नेऊन वर चढवायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. दरम्यान लोक सुके कपडे, दोर, होड्या यांच्या मागे धावत असताना सायलसला एक दृश्य दिसले होते. मामा हातमोजे काढून, चार हातापायांवर, मोडलेल्या कडेपर्यंत रांगत गेला होता आणि उघड्या बोटांनी तुटलेली बाजू चाचपत होता. सायलसने मान वळवली.

सव्वीस तास मासा पाण्यात राहिला. चरबीच्या जाड रजईखाली तो थंड होत नाही. मेला तरी आतून शिजत राहतो. पहिली चीर पडली तेव्हाच वास आला. एनॉकने सुरी पुसली आणि मिटली. काळी कातडी आणि तिच्याखालची चरबी, म्हणजे मक्ताक, वाचली. मांस गेले. चाळीस घरांचा हिवाळा तिथेच बर्फावर समुद्रपक्ष्यांना आणि अस्वलांना सोडून टोळी घरी आली.

गावाने आरडाओरडा केला नाही. तिथे कुणी तोंडावर दोष देत नाही. थट्टा करतात, आणि ज्याची थट्टा होते त्याला कळते. "अमौलिकचे डोळे गेले होतेच, आता बोटंही गेली," असे चर्चच्या पायरीवर कुणी म्हणाले. "सव्वापाच फूट" हा शब्दप्रयोग झाला. तुझी मासळी केवढी? सव्वापाच फूट. पोरगं अभ्यास किती करतं? सव्वापाच फूट. जे फुगवून सांगितले आणि निघाले पोकळ, ते सगळे सव्वापाच फूट. सायलसचे नाव यात कुठेच नव्हते. तो फक्त मोजणारा. बोलला होता म्हातारा.

मेच्या अखेरीस गावच्या दुकानात लेम्युएल पिठाच्या पिशव्यांपाशी उभा होता. दुकानदाराने विचारले, अमौलिकची तब्येत कशी आहे. लेम्युएल म्हणाला, "उत्तम! परवा त्यांनी स्वतःच्या नाकाची लांबी मोजली. सव्वापाच फूट भरली." चार माणसे हसली. सायलस पाचवा होता, आणि तोही हसला. घरी येईपर्यंत त्याला स्वतःचे हसणे ऐकू येत होते. ते नाइलाजाचे किंवा ओढूनताणून आणलेले हसणे नव्हते. सहज आले होते, आणि तेच त्याला सहन होईना. खोटे बोलण्यात निदान भीती होती. यात भीतीही नव्हती.

बाकीच्या टोळ्यांनी आपापल्या माशांचे मांस एनॉकच्या घरी पाठवले. रीतच ती. केझाया प्रत्येक पेटी दारात स्वतः उतरवून घेई, आणणाऱ्याला चहा देई, आभार मानी. जिने त्या वर्षी सगळ्या गावाला वाढायचे, ती घेत होती. त्यातला वाटा टोळीतल्या प्रत्येकाकडे आला, म्हणून सायलसकडेही आला. त्याने तो शिजवला आणि त्याला तो गिळवेना. टाकून देणे तर त्याहून वाईट, म्हणून खाल्ला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निरोप आला. देवमाशाच्या सणाआधी, शनिवारी, टोळीने एनॉकच्या घरी जमायचे. निरोप आणणाऱ्या लेम्युएलने कारणही सांगितले. "अमौलिकला आता न्यायचं नाही म्हणतोय एनॉक. बिचाऱ्याला वाईट वाटेल, पण करणार काय? पुढे एखादा माणूस मरायचा." आणि जाता जाता, "शब्दही तूच बोलायचास यापुढे. पूर्ण कामच तुझ्याकडे."

सायलस शुक्रवारी मामाकडे गेला. अमौलिक खिडकीपाशी बसून दोराची गाठ हातानेच सोडवत होता.

"कोण, सायलस? चहा घे."

"मामा, त्या तिसऱ्या भोकात..."

"आधी चहा घे. थंड होतो."

त्याने चहा घेतला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "मधे गिरमिट घसरलं होतं. दोन बोटं."

"हं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्या वेळी नव्हतं. तुटल्यावर कडा चाचपली मी. वरच्या लादीचं पोट अगदी गुळगुळीत होतं, न्हाणीतल्या फरशीसारखं. तिथे गिरमिट घसरल्याशिवाय कसं राहील?"

"मग तुम्ही महिनाभर बोलला का नाहीत? सगळा गाव तुमची..."

"मी काय बोलू?" अमौलिकने दोर मांडीवर ठेवला. "ज्याच्या हातात गिरमिट, त्याला एकदाच विचारायचं. दुसऱ्यांदा विचारलं, तर त्याला खोटारडा म्हटल्यासारखं होतं. माझ्या वेळी मला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी तुला एकदा विचारलं."

"आणि नंतर?"

"नंतर माझ्या बहिणीच्या मुलाला मी खोटारडा म्हणत गावभर फिरू? ते काम माझं आहे की तुझं?"

सायलस म्हणाला, "उद्या तुम्हाला काढणार आहेत."

"ऐकलंय." म्हाताऱ्याच्या दुधाळ डोळ्यांत पाणी आले, की ते नेहमीचेच होते, हे सायलसला सांगता आले नसते. "चाळीस वर्षं. घरात बसून वारा कुठला आहे ते मला कळत नाही रे. तिथे कळतं."

शनिवारी दुपारी एनॉकच्या घरी नऊ जण जमले. अमौलिकला बोलावलेले नव्हते. केझाया टेबलाशी उभी राहून चंद्रकोरी पात्याच्या सुरीने सणासाठी मक्ताकचे तुकडे करत होती. हात थांबत नव्हते. एनॉकने घसा साफ केला. हा कमी बोलणारा, जड माणूस. त्याला असली कामे जमत नसत.

"अमौलिकने आपल्यासाठी खूप केलं," तो म्हणाला. "मलाही त्यानेच शिकवलं. पण माणसं पाण्यात गेली. तेव्हा मला वाटतं..."

"थांबा," सायलस उठला. उठला खरा, आणि जे बोलायला उठला ते सोडून भलतेच बोलू लागला. "त्या दिवशी हवा गरम होती. अशा हवेत खारट बर्फाच्या नसा उघडतात, त्यांतून पाणी खेळायला लागतं, आणि जाडी तीच राहिली तरी ताकद अर्ध्यावर येते. थंडीत हाच बर्फ कदाचित टिकलाही असता. त्यात खाली प्रवाह होता, तो पोटाकडून झिजवत होता. म्हणजे नुसत्या आकड्यावरून..."

"बर्फाचं काय सांगतोस?" केझाया मान वर न करता म्हणाली. "बर्फावर आम्हीही होतो. तुझं काही असेल तर सांग."

सायलसचे कान तापले. खोलीत सगळे त्याच्याकडे पाहत होते, आणि एकाच्याही चेहऱ्यावर संशय नव्हता. तेवढ्यामुळेच त्याला तिथे उभे राहणे अशक्य झाले होते.

"तिसऱ्या भोकात मधे गाळ लागला," तो म्हणाला. "लाद्या दोन होत्या, एक नव्हे. मला लगेच कळलं. मामांनी विचारलं, मधे काही लागलं का. मी नाही म्हणालो. ते जे रेडिओवर बोलले, ते मी सांगितलेलं बोलले."

सुरी थांबली.

"कळलं होतं तुला?" लेम्युएलने विचारले.

"हो."

"ओढायला सुरुवात करायच्या आधी?"

"आधी."

"मी दुकानात त्यांच्या नाकावरून बोललो, तेव्हा तू हसलास."

"हसलो."

लेम्युएल आपल्या बुटांकडे पाहू लागला.

"का?" एनॉकने विचारले. "का नाही बोललास?"

"रेडिओवर मी त्यांची चेष्टा केली होती. सगळे हसले होते. मग परत..." सायलसला वाक्य पुरे करता आले नाही. मोठ्याने सांगताना ते कारण इतके लहान वाटले, की त्याला वाटले, आपण काहीतरी गाळतो आहोत. पण गाळण्यासारखे काही शिल्लक नव्हते. "पाणी वर येताना दिसलं, तेव्हाही मी उशिरा ओरडलो," तो म्हणाला. हे कुणी विचारले नव्हते.

कुणी रागावले नाही. कुणी उठूनही गेले नाही. एनॉकने बायकोकडे पाहिले, कारण मासा तिच्या घरी आला होता आणि तिच्या घरातून गेला होता.

केझायाने सुरी फडक्याला पुसली आणि टेबलावर आडवी ठेवली.

"लेम्युएल, उद्या सकाळी तू अमौलिककडे जा आणि दुकानात बोललास ते त्यांच्यासमोर परत घे," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, पुढच्या वसंतात तयार राहा." मग ती सायलसकडे वळली. "तूही ये. स्लेज ओढ, गिरमिट वाहून ने, दोराला लाग. पण बर्फात गिरमिट फिरवायचं ते अमौलिकने, आणि आत काय लागलं ते सांगायचं तेही त्यांनीच. त्यांना दिसत नाही, ते आम्हाला चालेल. तुझा शब्द आता चालणार नाही."